वाट फार लांब झाली आहे

ज्या घरात बायको गाणी रचते आणि वरच्या मजल्यावरचा माणूस खाली येऊन ती टाइप करून देतो, त्या घरातल्या नवऱ्याने नेमकं करायचं काय? रेकॉर्डसाहेबांनी या प्रश्नाचं उत्तर आपल्या परीने शोधलं होतं. बायकोने रचायचं, वरच्याने टाइप करायचं आणि आपण ते नीट लावून ठेवायचं. लावून ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अख्खी नोकरी त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये काढली. कागद मागणाऱ्याला तो मिळण्याआधी साहेबांकडे यावं लागे, बसावं लागे, कशाला हवा ते सांगावं लागे. निवृत्त झाल्यावर कार्यालय सुटलं, पण नाव चिकटून राहिलं. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळे त्यांना रेकॉर्डसाहेबच म्हणत.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. बालवर्गाला शिकवून शिकवून त्यांच्या बोलण्याला झोका आला होता. साधं "भाजी संपली" म्हणाल्या तरी पुढची ओळ यमक घेऊन येईल असं वाटे. आणि बरेचदा ती येईही. लेकीला दिवस गेल्याचं कळलं आणि बाईंच्या तोंडी अंगाया फुटू लागल्या. भांडी घासताना एक, उशीचे अभ्रे बदलताना दुसरी. कागदावर लिहून ठेवायची सवय नाही. ओळ सुचली की ती दिवसभर तोंडात घोळायची आणि संध्याकाळी वरच्यांना सांगायची.

वरचे म्हणजे वरच्या मजल्यावर एकटे राहणारे गृहस्थ. पूर्वी कोर्टात लघुलेखक होते. न्यायाधीश बोलता बोलता दमायचे, पण यांची बोटं दमायची नाहीत, अशी त्यांची ख्याती. ती ख्याती त्यांनीच सांगितली होती, असं साहेबांचं म्हणणं. बाई त्यांना भाऊजी म्हणत. रबरी तळव्यांच्या चपला घालून ते जिना उतरत. पाऊल वाजत नसे, दार वाजत नसे, एकदम खुर्चीत बसलेलेच दिसत. बाई ओळ म्हणत, वरचे ती टाइप करत आणि पूर्णविराम दिल्यावर मान जराशी डावीकडे कलती करून म्हणत, "वा."

या "वा"ने रेकॉर्डसाहेबांच्या पोटात दुखे. शब्द तसा लहान. साहेबांनाही तो येत होता. पण संसारात एवढी वर्षं गेल्यावर अचानक बायकोला "वा" म्हणायचं म्हणजे तिला आधी डॉक्टरकडे न्यायचं की आपण जायचं, असा प्रश्न. शिवाय वरच्यांनी तो आधीच वापरून उष्टा केला होता. बाईंनी एकदा म्हटलं,

नीज ग पाकळी, निजलं आभाळ
खिडकीच्या गजाला बांधली सकाळ

आणि वरच्यांनी नेहमीच्या एका "वा"ऐवजी दोन दिले. त्या दिवशी साहेबांनी आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार केली. मीठ बरोबर होतं.

तेव्हापासून लावून ठेवण्याचं काम साहेबांनी फार मनावर घेतलं. वरचे जिना चढून गेले की साहेब संगणकापुढे बसत आणि गाण्यांची फाइल एका फोल्डरात ठेवत. दुसऱ्या दिवशी तो फोल्डर आणखी एका फोल्डरात. मग तो तिसऱ्यात. कार्यालयातला त्यांचा सिद्धान्तच होता की जो कागद सहज सापडतो त्याची किंमत सहज उतरते. फोल्डरांना नावंही कार्यालयी दिलेली, पूर्ण वाक्याची, विषयासकट. संध्याकाळी वरचे म्हणत, "साहेब, फाइल तेवढी उघडून देता?" साहेब मॉनिटर स्वतःकडे वळवून घेत, चष्मा लावत, एकेक फोल्डर उघडत खोल उतरत आणि शेवटी फाइल उघडून मॉनिटर पुन्हा फिरवत. तेवढा वेळ वरच्यांना ताटकळावं लागे. दिवसभरातला साहेबांचा सगळ्यात गोड वेळ तोच.

हे असं चाललं असतं तर चाललंही असतं. पण शनिवारी संध्याकाळी बाईंनी शेवटच्या अंगाईची पहिली ओळ सांगितली आणि दुसरी सुचेना म्हणून थांबल्या. साहेबांनी तेवढ्यात "जेवण गार होतंय" असं स्वयंपाकघरातून दोनदा म्हटल्यामुळे वरचे उठून गेले. स्वयंपाकघरात असल्याने पहिली ओळ साहेबांनी ऐकली नव्हती. रविवारी सकाळी मात्र ते फिरून परतले, चपला काढत होते, आणि मोरीतून बाईंची गुणगुण आली. पाण्याच्या आवाजात पुढचंमागचं काही कळलं नाही, एकच ओळ स्वच्छ ऐकू आली:

दार लोटताना कडी वाजू देत नाही

एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत साहेब उभे राहिले. दार लोटताना कडी वाजू देत नाही. कोण? या इमारतीत कडी न वाजवणारा माणूस कोण, हे सांगायला काही चौकशी समिती नको होती. रबरी तळवे कोणाचे? मांजराच्या पावलाने येतो कोण, जातो कोण? स्वतः साहेब रोज पहाटे बाई झोपलेल्या असताना फिरायला जात, तेव्हा कडी दोन बोटांच्या चिमटीत धरून दार ओढत. पण ते इतक्या वर्षांचं झालं होतं की त्यांच्या बोटांना ठाऊक, त्यांना स्वतःला नव्हे.

"कसली ओळ गं ती?" त्यांनी शक्य तितक्या बेफिकीरपणे विचारलं.

"कुठली?" बाई म्हणाल्या. "छे, अजून पुरती जुळली नाही."

जुळली नाही म्हणे. साहेब दिवसभर जळत होते. दुपारी बाई आडव्या झाल्या तेव्हा ते संगणकापुढे बसले आणि सगळ्यात बाहेरच्या फोल्डरच्या नावात त्यांनी आपल्या जखमी मनाची एक भली मोठी भर घातली. मग त्यांना जरा बरं वाटलं. औषध घेतल्यासारखं.

सोमवारी गाणी छापखान्यात द्यायची होती. छापखानेवाल्यांचं यंत्र मंगळवारपासून दुरुस्तीला उघडलं जाणार, मग महिनाभर छपाई बंद. आणि महिनाभराने नातवंड येऊन रडू लागलेलं असणार. लेकीकडे जायची बाईंची गाडी आठवड्याअखेरची होती. लेकीच्या उशाशी छापलेली पुस्तिका ठेवायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे हे एक मागणं घरभर उभं होतं.

साहेबांनी सोमवारी सकाळीच जाहीर केलं की गाणी ते स्वतः पेन ड्राइव्हवर घेतील आणि स्वतः छापखान्यात नेतील. वरच्यांना त्रास द्यायची गरज नाही. ती शेवटची अंगाई अपुरी आहे ना, मग राहू दे. बाई म्हणाल्या, बघू.

साहेबांनी फोल्डर उघडला. आतला उघडला. त्याच्या आतला उघडला. आणखी आत गेले, आणि खिडकी एकदम पांढुरकी पडली. वर काहीतरी अक्षरं आली, थरथरली आणि खिडकी मिटली. जणू घरातल्या माणसाने दार तोंडावर लावलं. पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी एक छोटी चौकट आली, तीत इंग्रजीत दोन ओळी आणि खाली 'ओके'. साहेबांनी तत्काळ ओके दाबलं. इथे त्यांच्या स्वभावाचा भाग सांगायला हवा. त्यांनी आयुष्यभर हजारो कागदांवर "वाचले" असं लिहून सही केली होती, आणि वाचत बसले असते तर सह्या कधी झाल्या असत्या? त्यात बाई मागे उभ्या.

"काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच."

"भाऊजींना बोलावू का?"

"अगं, मी अख्खं खातं सांभाळलंय," साहेब म्हणाले. हे खरं होतं. पण खातं त्यांच्या तोंडावर कधी मिटलं नव्हतं.

पुढच्या तासात बातमी जिन्याने खाली गेली. इमारतीत बातमी नेहमी खालीच जाते, वर जात नाही, म्हणून वरच्यांना ती कळली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांचं मत असं की संगणकाला दमट हवा बाधते. त्यांनी बहिणीच्या संगणकाचं उदाहरण दिलं, तो पुढे गॅरेजमध्ये ठेवला आणि तिथे त्याच्यावर मांजर व्यालं. यातून काय बोध घ्यायचा हे त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी मात्र पुसायच्या फडक्याने मॉनिटर कोरडा केला.

मग कोपऱ्यावरचे औषधवाले दुकान उघडण्याआधी डोकावले. त्यांना औषधांपेक्षा संगणकाची जास्त माहिती होती आणि गिऱ्हाइकांना ते सोयीचं वाटत नसे. त्यांनी विचारलं, एरर काय येते? साहेब म्हणाले, येते काहीतरी. औषधवाल्यांनी मान हलवली, जणू काहीतरी नावाचा रोग त्यांना ठाऊक होता. हा फाइल एक्सप्लोरर अडकलाय, म्हणाले. टास्क मॅनेजर उघडा, यादीत एक्सप्लोरर शोधा आणि त्याला संपवा, मग तो पुन्हा उभा राहतो. आधी इतिहास पुसून टाका, तोही तुंबतो. एवढं सांगून ते दुकान उघडायला गेले.

साहेबांनी इतिहास पुसला. त्याबरोबर अलीकडे उघडलेल्या फाइलींची रांग गायब झाली. मग त्यांनी टास्क मॅनेजर उघडला आणि मोठ्या निर्धाराने एक्सप्लोरर संपवला.

तो खरंच संपला. खालची पट्टी गेली, घड्याळ गेलं, सगळी चिन्हं गेली. मागे उरलं ते फक्त लेकीचं छायाचित्र, लहानपणचं, फ्रॉकमधलं, दात पडलेलं, हसणारं. घरातलं सामान चोरांनी नेलं आणि भिंतीवरचा फोटो तेवढा ठेवला, तसं. साहेबांनी माउस इकडे फिरवला, तिकडे फिरवला. काही नाही. पुन्हा उभा कसा करायचा हे औषधवाल्यांनी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा साहेब मनात वरच्यांना उत्तर देत होते.

बाई चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "अगबाई, किती गोड दिसतेय," त्या म्हणाल्या. "हा फोटो एवढा मोठा कसा केलात?"

"तुझ्यासाठी," साहेब म्हणाले. दिवसभरात त्यांनी मारलेली ही पहिली आणि शेवटची बाजी. चहा संपेपर्यंत त्यांनी ती टिकवली आणि मग बटण दाबून धरून संगणक बंद केला.

संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळं जागेवर होतं. दुखणंही जागेवर होतं.

आता त्यांनी संगणक विकणाऱ्या दुकानाच्या मदतवाहिनीला फोन लावला. आधी एक वाद्य वाजलं. मग एका आवाजाने सांगितलं की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुन्हा वाद्य. साहेबांना हे ऐकून मनातून आदरच वाटला. त्यांच्या काळात ताटकळणाऱ्याला बाकडं असे, वाद्य नसे. अखेर एक मुलगी बोलायला आली.

"सर, स्क्रीनवर काय लिहून येतंय?"

"ते तुम्ही सांगायचं," साहेब म्हणाले.

 मुलीने खरेदीच्या पावतीचा क्रमांक विचारला, त्याशिवाय तक्रार दाखल होत नाही. साहेबांचा चेहरा उजळला. पावती विचारावी आणि ती साहेबांकडे नसावी असं कधी झालं नव्हतं. त्यांनी ती स्कॅन करून जपून ठेवली होती. कुठे? तर बाईंच्या गाण्यांशेजारीच, त्याच फोल्डरात, कारण सर्वात सुरक्षित जागा तीच.

"म्हणजे पावती मिळवायला फोल्डर उघडायला हवा," साहेब हळूहळू म्हणाले, "आणि फोल्डर उघडायला..."

"हो सर," मुलगी म्हणाली. "पावती मिळाली की फोन करा."

हेच वाक्य, याच सुरात, साहेबांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. ते उलट्या बाजूने कसं ऐकू येतं, हे त्यांना आज कळलं. फोन ठेवून ते थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभे राहिले.

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाईंनी वर बघितलं. साहेबांनी बाईंना वर बघताना बघितलं. आणि त्यांनी शेवटचा उपाय काढला. फाइल उघडत नाही तर न उघडू दे. अख्खा फोल्डर, आहे तसा, बंद पेटीसारखा उचलायचा आणि पेन ड्राइव्हवर ठेवायचा. छापखानेवाले उघडतील. हिरवी पट्टी सुरू झाली, अर्ध्यात थांबली आणि पुन्हा तीच चौकट आली. या वेळी तीत एक बटण जास्त होतं, वगळा म्हणणारं. साहेबांनी वाचलं एवढंच की ते बटण आहे, आणि दाबलं. पट्टी सुळकन पुरी झाली.

"झालं," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी जिन्यातही पुन्हा एकदा, मान वर करून म्हटला.

छापखाना दोन गल्ल्या पलीकडे. आत शाईचा आणि ओल्या कागदाचा वास. छापखानेवाले यंत्राचे स्क्रू मोजून डब्यात टाकत होते, उद्याची तयारी. त्यांनी हात पुसून पेन ड्राइव्ह लावला, फोल्डर उघडला. त्याच्या आतला उघडला. ओठ हलवत नावं वाचत ते उतरत गेले, जसा कोणी विहिरीच्या पायऱ्या उतरतो. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "साहेब, हे 'सदर व्यक्ती' म्हणजे कोण?"

"ती कार्यालयीन भाषा आहे," साहेब म्हणाले.

शेवटचा फोल्डर उघडला. आत काही नव्हतं. कांदा सोलत जावा आणि शेवटी हातात फक्त डोळ्यांचं पाणी उरावं, तसं झालं.

"गाणी कुठंयत?" छापखानेवाल्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो लागला. ते पुढे म्हणाले की यंत्र संध्याकाळपर्यंत जोडलेलं आहे. बाईंनी त्यांच्या पोरीला अक्षर शिकवलंय, म्हणून अंधार पडेपर्यंत थांबेन. त्यापुढे माझाही इलाज नाही.

साहेब परत निघाले ते एखादं रिकामं मडकं घेऊन यावं तसे. वाटेत त्यांनी मनाशी हिशेब मांडला. एकीकडे बाईंची पुस्तिका. दुसरीकडे वरच्यांचं खुर्चीत बसणं, चष्मा पुसणं, "बघू साहेब" म्हणणं, आणि सगळं दुरुस्त झाल्यावर बाईंचं त्यांच्याकडे बघणं. त्या बघण्याचं चित्र साहेबांच्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट उभं राहिलं की ते चालता चालता एका सायकलला "माफ करा" म्हणाले.

 घरात बाईंनी पेन ड्राइव्हकडे बघितलं, साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पदराला हात पुसत बसल्या.   साहेब वळले आणि वरचा जिना चढले. लग्नानंतर सासऱ्यांच्या घरी पहिल्यांदा चढलेला जिनाही त्यांना एवढा उंच वाटला नव्हता.

वरच्यांनी दार उघडलं. साहेबांनी खोलीत पहिल्यांदाच नीट पाहिलं. एक खुर्ची, एक कप, एक ताट पालथं घातलेलं. "जरा येता का," साहेब म्हणाले. आणि पुढचे शब्द दाढ काढावी तसे निघाले, "मला जमत नाहीये."

वरचे खाली आले. खुर्चीत बसले. फोल्डर उघडू लागले तसे साहेब मॉनिटर वळवायला पुढे झाले, पण उशीर झाला होता. चौकट आली. वरच्यांनी ओके दाबलं नाही. चष्मा सारखा केला आणि ती चौकट वाचली. दिवसभरात तिला भेटलेला हा पहिलाच वाचक.

"अहो, हा स्पष्ट सांगतोय," ते म्हणाले. "वाट फार लांब झाली आहे, म्हणतोय. फोल्डरांची नावं इतकी लांबलीत की यंत्राला तळापर्यंत पोचता येत नाही. नावं छोटी करायची, बस."

"एवढंच?" बाई म्हणाल्या.

"एवढंच, वहिनी. बघू या काय काय नावं आहेत." आणि कोर्टातल्या सवयीने, खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता, त्यांनी पहिलं नाव वाचायला घेतलं.

"सौभाग्यवतींच्या स्वरचित अंगाईगीतांचे जतन व वर्गीकरण करणेबाबत, आणि त्यांतील कोणती ओळ कोणाविषयी आहे याचा समाधानकारक खुलासा होईपर्यंत सर्व प्रकरण प्रलंबित ठेवणेबाबत."

साहेब खिडकीकडे वळले.

"त्याच्या आत," वरचे म्हणाले. आवाज आता जरा खाली आला होता, पण लघुलेखक वाचायला लागला की थांबत नाही. "वरच्या मजल्यावरील व्यक्तीने केवळ टंकलिखित केलेली, परंतु मूळ हक्क या घराकडे असलेली." ते एक पायरी खाली उतरले. "सदर व्यक्तीने परस्पर उघडू नयेत अशी." आणखी एक. "सदर व्यक्तीने 'वा' म्हटलेल्या प्रसंगांसह."

पुढे "अंतिम" होतं, त्यात "अंतिम सुधारित" होतं, पण ते कोणी ऐकलं नाही. रेकॉर्डसाहेब खिडकीचे गज मोजत उभे होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या मागूनही लाल दिसत होत्या. कोर्टात आरोपीला निदान पिंजरा असतो, धरायला.

वरच्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग सगळ्यात बाहेरच्या फोल्डरचं नाव पुसून तिथे एकच अक्षर लिहिलं. आतल्यांचंही तसंच केलं. क, ख, ग. फाइल मुकाट उघडली. गाणी सगळी होती, एकही ओळ हललेली नव्हती. बाईंनी डोळे मिटून उघडले.

"शेवटची तेवढी अपुरी आहे," वरचे म्हणाले. "एकच ओळ आहे. सांगता वहिनी, पुढची?"

"काय बाई होतं ते," बाई म्हणाल्या. "काल मोरीत सुचलं होतं अगदी. गेलं बघा."

बाई खरंच विसरल्या होत्या की नाही, हे अजून कोणाला कळलेलं नाही. बालवर्गात त्या अशाच विसरायच्या, आणि पोरं ओरडून सांगायची. वरच्यांनी मदत व्हावी म्हणून पहिली ओळ वाचली:

"आजोबाच्या हाताला बोलता येत नाही..."

आणि ते वाट बघत थांबले. त्यांनी चांदणं सुचवून पाहिलं, मग पाळण्याची दोरी सुचवली. बाई मान हलवत राहिल्या.

खिडकीशी साहेबांची पाठ ताठ झाली. आजोबाच्या हाताला. या घरात आजोबा होऊ घातलेला माणूस एकच होता. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. अंगठा आणि तर्जनी आपोआप चिमटीत आली होती, रोज पहाटे येते तशी.

"दार लोटताना," साहेब गजांकडे तोंड करूनच म्हणाले. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाले, "दार लोटताना कडी वाजू देत नाही."

"हां," बाई म्हणाल्या. "तीच."

वरच्यांच्या बोटांनी ओळ उतरवली. पूर्णविराम दिला. मान डावीकडे कलली नाही, आणि "वा" आला नाही. ते पडद्यावरच्या दोन ओळींकडे बघत राहिले.

"झोपेत ऐकू येतं होय हे, वहिनी?"

"वाजलं तर येतं ऐकू," बाई म्हणाल्या. "न वाजलेलंही येतं मग, सवयीने."

वरचे म्हणाले, "माझं दार आपटलं काय अन् लोटलं काय. आत कोण आहे जागं व्हायला?" आणि मग साहेबांकडे वळून, अगदी सरळ, "हेवा वाटतो हो तुमचा."

साहेब चपापले. हेवा म्हणजे त्यांच्या घरची वस्तू. ती दुसऱ्याच्या हातात बघायची त्यांना सवय नव्हती. कोणी आपला हेवा करावा, तोही या माणसाने! हे आता कुठे लावून ठेवायचं हे त्यांना कळेना, आणि फोल्डर करायचा तर लांब नाव सुचेना.

पेन ड्राइव्ह भरला. या वेळी साहेबांनी तो दोनदा उघडून, आतलं वाचून खात्री केली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. चपला घालून ते निघाले, दाराबाहेर आले आणि कडी धरली. चिमटीत. आत दोन माणसं आपल्या हाताकडे बघत आहेत हे ध्यानात आलं मात्र, बोटं अडखळली. इतक्या वर्षांत जे न ठरवता होत होतं ते ठरवून करायला गेले, आणि कडी खणकन वाजली. जिनाभर वाजली. तळमजल्यावर काकूंनी "कोण आहे?" म्हणून विचारलं.

आत बाई खळखळून हसल्या. मागोमाग वरचेही हसले.

साहेब एक पायरी उतरले. दुसरी उतरले. आतलं हसू अजून चालू होतं, दोघांचं, एकत्र.  ते वळले, वर आले आणि दार ढकलून म्हणाले, "अहो, तुम्हीही चला छापखान्यात. काही वाचायची वेळ आली तर?"

"मी?" वरचे म्हणाले.

"चला तर. संध्याकाळी परत येऊन इथेच जेवा. नाहीतरी तुमचं तिथे एकच ताट आहे." हे बोलून झाल्यावर साहेबांना आपण काय बोललो ते ऐकू आलं, पण आता माघार नव्हती. आतून पातेल्यात जास्तीचे तांदूळ पडल्याचा आवाज आला.

वरचे रबरी चपला घालून बाहेर आले आणि सवयीने दार ओढायला वळले. साहेबांनी त्यांचा हात बाजूला सारला.

"थांबा, ते माझं काम आहे," ते म्हणाले. छापखान्याचा, अंधाराचा, वाट बघणाऱ्या यंत्राचा विचार करत त्यांनी दार लोटलं.

कडी वाजली नाही.